सुवर्णाताईंच्या चार ओळी

सुवर्णाताई खालकर कंपनीत आल्या तेव्हा त्यांना माउस नीट धरता येत नव्हता. हे त्या स्वतःच सांगायच्या आणि हसायच्या. मी नोकरीला लागलो तोवर त्यांना तिथे नऊ वर्षं झाली होती, आणि सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या आम्हा पोरांपेक्षा ते त्यांना जास्त कळत होतं.

आमची कंपनी लहान. सातपूरला एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आम्ही सतरा जण. आम्ही कोल्ड स्टोरेजसाठी सॉफ्टवेअर बनवतो, त्याचं नाव 'कोठार'. कुठल्या खोलीत कोणाचा माल आहे, तापमान किती, गाडी कधी भरायची, गेटपास कोणाच्या नावाने काढायचा, हे सगळं त्यात. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव, सगळीकडे आमचे ग्राहक. कोठार अडलं की ते फोन करायचे, आणि तो फोन सुवर्णाताई उचलायच्या.

त्या मूळच्या सायखेड्याच्या. बी.कॉम. झालेल्या. नवरा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कंत्राटावर कामाला, घर जेलरोडला. ताईंचा आवाज जरा जाड, बोलणं सावकाश. समोरचा कितीही चिडलेला असला तरी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "आता तुमच्यासमोर काय दिसतंय, ते वाचून दाखवा." फोन ठेवला की त्या वहीत लिहायच्या. ग्राहक काय म्हणाला, त्याला खरं काय हवं होतं, आणि कोठारने काय केलं. अशा त्यांच्या एकवीस वह्या होत्या. मी पहिल्या वर्षी त्या वह्यांची थट्टा करायचो. दुसऱ्या वर्षापासून काही अडलं की गुपचूप उघडून बघायचो.

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीनंतर आमचे मालक कुंदन सर एका परिषदेहून आले आणि त्यांनी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. म्हणाले, आता आपल्याकडे एआय एजंट येणार. त्याचं नावही त्यांनी ठरवून आणलं होतं, 'सोबती'. ग्राहकाने मोबाइलवर साध्या मराठीत लिहायचं, सोबतीने ते समजून घ्यायचं आणि कोठारमधलं ते काम स्वतःच करून टाकायचं. मधे माणूस नाही.

कोठारमधल्या एकेका कामाला आम्ही टूल म्हणतो. गेटपास काढणं हे एक टूल, खोलीचं तापमान बघणं हे दुसरं. अशी त्रेचाळीस टूल होती. सोबतीला कोठारचा पडदा दिसत नाही, बटणं दिसत नाहीत. त्याच्यापुढे असतं ते फक्त टूलचं नाव आणि त्याखाली लिहिलेलं वर्णन. ते वाचून तो ठरवतो की कुठलं टूल कधी वापरायचं. आम्ही प्रोग्रामर लोकांनी ती वर्णनं एका सकाळीत लिहून टाकली. 'गेटपास काढा' या टूलखाली मी लिहिलं होतं, गेटपास काढण्यासाठी.

ताईंनी ते वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. "दीपक, हे तर तू नावच परत लिहिलंयस."

त्यानंतर कुंदन सरांनी ते काम ताईंकडे दिलं. ग्राहकांची भाषा तुम्हाला कळते, तुम्हीच लिहा, म्हणाले.

पुढचे दोन-अडीच महिने मी ताईंना जे काम करताना पाहिलं, तसं काम मी आजवर कोणाचं पाहिलेलं नाही. त्या रोज अकराच्या सुमारास खुर्ची ओढून माझ्या टेबलाशी यायच्या. एक टूल घ्यायच्या. "हे काय करतं ते कळलं. आता काय करत नाही ते सांग." मी सांगायचो. "दोनदा चाललं तर?" ते मी कधी बघितलंच नव्हतं. मग आम्ही चालवून बघायचो, आणि एका गाडीचे दोन गेटपास निघालेले असायचे. "केल्यानंतर मागे घेता येतं का?" तेही शोधावं लागायचं. स्वतःच लिहिलेलं सॉफ्टवेअर मी ताईंच्या प्रश्नांमधून नव्याने शिकत होतो.

मग त्या वह्या काढून लोक खरोखर कसं लिहितात ते सोबतीला लिहून बघायच्या. एकदा त्यांनी लिहिलं, "गाडी लागली, पास पाठवा." सोबतीने उत्तर दिलं, "अपघाताबद्दल वाईट वाटलं, कोणाला दुखापत झाली आहे का?" सगळं ऑफिस हसलं. ताई हसल्या नाहीत. त्यांनी वर्णनात एक ओळ घातली. ग्राहक 'गाडी लागली' म्हणाला तर गाडी माल भरायला धक्क्याशी उभी आहे असं समजावं. 'खाली करा' म्हणजे रिकामी करा. 'माल उचलायचा' म्हणजे बाहेर पाठवायचा. अशा कितीतरी.

"एवढं कशाला लिहिता ताई?" मी एकदा विचारलं. "तो हुशार आहे, समजून घेतो."

"हुशार आहे म्हणूनच," त्या म्हणाल्या. "नवीन माणूस ठेवला आणि त्याला काही कळलं नाही तर तो अडखळतो. अडखळला की मला फोन करतो. हा अडखळत नाही रे. काहीतरी समजून घेतो आणि करून मोकळा होतो. म्हणून याच्या वाटचं आपण आधीच अडखळून घ्यायचं."

त्यातलं एक टूल होतं 'खोली बंद करा'. ते जुनं, माझ्याही आधीचं. ते चालवलं की खोलीची नोंदणी बंद व्हायची. पण काही कोल्ड स्टोरेजमध्ये कूलिंगची मशिनं आमच्या कोठारला जोडलेली आहेत, तिथे त्याच टूलने मशिनंही बंद व्हायची. आणि बंद खोलीचं तापमान वाढलं तरी धोक्याची सूचना जात नसे, कारण बंद खोलीत माल नसणार असं ते लिहिणाऱ्याने धरलं होतं. कोणी फोनवर 'बंद करा' म्हणालं की ताई लगेच विचारायच्या, बुकिंग बंद करायचं का गारवा? दहातल्या नऊ जणांना फक्त नवीन माल घेणं थांबवायचं असायचं.

ताई म्हणाल्या, "याची दोन टूल करा ना."

मी म्हणालो, जुना कोड आहे, हात लावला तर पंचवीस ठिकाणी बिघडेल, नंतर बघू. मग त्यांनी त्या टूलखाली चार ओळी लिहिल्या. त्या मला पाठ आहेत.

'हे टूल खोली पूर्ण बंद करतं; जिथे मशिनं कोठारला जोडलेली आहेत तिथे कूलिंगही बंद होतं आणि तापमान वाढल्याची सूचना येत नाही. खोलीत एक जरी क्रेट असेल तरी हे टूल वापरू नका. ग्राहक नुसतं बंद करा म्हणाला तर बहुतेक वेळा त्याला नवीन माल थांबवायचा असतो, त्यासाठी बुकिंग थांबवा हे टूल आहे. खात्री नसेल तर आधी विचारा.'

आम्ही दोघांनी वीस-पंचवीस वेळा तपासलं. कितीही आडवंतिडवं लिहिलं तरी सोबती एकदाही चुकला नाही. प्रत्येक वेळी विचारायचा, आपल्याला नवीन माल घेणं थांबवायचं आहे का?

त्रेचाळीस टूल पूर्ण झाली त्या दिवशी ताईंनी ऑफिसला भेळ आणली. वर्णनांच्या फाइलवर सुरुवातीला लेखकाचं नाव टाकायची जागा असते. तिथे मी त्यांचं नाव टाकलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. "आपलं नाव असं कधी कुठं छापून आलं नव्हतं," म्हणाल्या.

फेब्रुवारीत ताई दोन दिवस रजेवर होत्या. त्यांचा मोठा भाऊ गोरक्ष, त्याच्या मुलीचा, वैष्णवीचा साखरपुडा होता सायखेड्याला. त्याच दिवसांत कुंदन सर पुण्याहून तणतणत आले. कोणा मोठ्या ग्राहकासमोर सोबती चालवून दाखवला होता, आणि तो उत्तराला वेळ लावत होता. कारण सरळ होतं. प्रत्येक निरोपाला सोबती त्रेचाळीसच्या त्रेचाळीस वर्णनं वाचतो. जितका मजकूर लांब तितका वेळ, आणि तितका खर्च.

"हे काय निबंध लिहिलेत?" सर म्हणाले. "एका टूलला एक ओळ. दीपक, आज संध्याकाळपर्यंत."

"ताई आल्या की त्यांना विचारून करतो," मी म्हणालो.

"तू टीम लीड आहेस की त्या?"

महिनाभरापूर्वीच मला टीम लीड केलं होतं. मी कापायला बसलो. चार तासांत त्रेचाळीस वर्णनं कापली. 'खोली बंद करा' पाशी आलो तेव्हा माझा हात थांबला, हे मी खोटं सांगणार नाही. मनात म्हटलं, 'बुकिंग थांबवा' हे वेगळं टूल आहेच, त्यावरून सोबतीला फरक कळेल. चार ओळी काढल्या आणि लिहिलं, खोली बंद करते. पुन्हा तपासून बघायला हवं होतं. साडेसहा वाजले होते. मी फाइल चढवली आणि घरी गेलो.

ताई परत आल्या, पेढे घेऊन. मी म्हणालो, "ताई, सरांनी वर्णनं थोडी आवरायला सांगितली होती. आवरलीत."

"इशारे ठेवलेस ना?" त्यांनी विचारलं.

"हो, हो," मी म्हणालो.

इतकंच झालं. पेढा माझ्या तोंडात होता. संध्याकाळी बघू, निदान तेवढी एक ओळ परत घालू, असं मी ठरवलं, आणि मग राहून गेलं. ताईंनी फाइल उघडून पाहिली नाही, कारण मी हो म्हणालो होतो.

मार्चमध्ये सोबती सगळ्या ग्राहकांकडे सुरू झाला. सायखेड्याला गावातल्या द्राक्षवाल्यांनी मिळून बांधलेलं एक कोल्ड स्टोरेज आहे. गोरक्ष तिथे मॅनेजर होता, आणि तिथली कूलिंगची मशिनं कोठारला जोडलेली होती. चार वर्षांपूर्वी गावाने कोठार घेतलं ते ताईंच्या शब्दावर. गोरक्ष काही अडलं की थेट बहिणीला फोन करायचा. सोबती सुरू झाला तेव्हा कंपनीने सगळ्यांना कळवलं की यापुढे फोन नको, सोबतीला लिहा. त्या दिवशी गोरक्षचा फोन आला तेव्हा मी शेजारीच बसलो होतो.

"दादा, आता मला नाय, त्याला लिहायचं," ताई सांगत होत्या. भावाशी बोलताना त्यांची भाषा लगेच गावाकडची व्हायची. "आरं, घाबरतो कशाला? माझ्याशी बोलतो तसंच लिही. म्याच शिकवलंय त्याला समदं."

मार्चच्या शेवटच्या शनिवारी दुपारी गोरक्षने सोबतीला लिहिलं, "तीन नंबर रूम फुल झाली. आता बंद करा."

सोबतीने लिहिलं, "खोली क्रमांक तीन बंद केली आहे. आणखी काही मदत हवी आहे का?"

गोरक्षने लिहिलं, "नको. धन्यवाद."

रविवारी तिथे वॉचमनशिवाय कोणी नसतं. सोमवारी सकाळी गोरक्षने तीन नंबरचं दार उघडलं तेव्हा आतून गरम वाफ आली, आंबूस वासाची. अकरा घरांची द्राक्षं होती. निर्यातीचा माल, वेचून, कात्रीने साफ करून, पेट्यांत भरलेला. घडांना घाम सुटला होता, देठ काळे पडले होते, पेटी हलवली की मणी गळत होते.

ऑफिसमध्ये आम्हाला साडेनऊला कळलं. ताईंनी सोबतीचं संभाषण उघडून वाचलं. मग टूलचं वर्णन उघडलं. मी त्यांच्या मागे उभा होतो. पडद्यावर तीन शब्द होते. खोली बंद करते. त्या बराच वेळ तेच वाचत बसल्या. मागे वळून त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटलं, बघितलं असतं तर बरं झालं असतं.

अकराला कुंदन सरांनी दार लावून मिटिंग घेतली. आम्ही पाच जण होतो. सर म्हणाले, सायखेड्याला पत्र द्यावं लागेल. पत्र त्यांनी लिहूनच आणलं होतं. सॉफ्टवेअरमध्ये दोष नाही, एजंटमध्येही दोष नाही. टूलच्या वर्णनात आवश्यक इशारा लिहायचा राहून गेला, आणि ही चूक वर्णन लिहिणाऱ्या कर्मचाऱ्याची आहे.

"मी लिहिला होता," ताई म्हणाल्या. "चार ओळी होत्या."

"फाइलमध्ये आहेत का?"

"आता नाहीत."

"फाइलवर नाव कोणाचं आहे ताई?"

ताई माझ्याकडे वळल्या. आवाज नेहमीसारखाच, सावकाश. "दीपक, तू सांग."

त्या क्षणी काय बोलायचं ते मला पुरतं माहीत होतं. फाइलमध्ये कोणी कधी काय बदललं त्याची नोंद असते, तारखेसह, वेळेसह, नावासह. ती नोंद कुंदन सरांनीही सकाळीच पाहिलेली असणार. ते माझ्याकडे बघत होते, रागाने नव्हे, उलट जरा काळजीनेच.

"बघावं लागेल," मी म्हणालो.

ताईंनी मान हलवली, जणू त्यांनी किती वाजले विचारलं होतं आणि मी वेळ सांगितली होती. मग त्यांनी टेबलावरचा चष्मा उचलून डब्यात ठेवला आणि त्या बाहेर गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांना स्वतःहून राजीनामा लिहून द्यायला सांगितलं. चौदा वर्षांची नोकरी होती. लॅपटॉप ठेवून घेतला. वह्याही ठेवून घेतल्या, त्यात ग्राहकांची माहिती आहे म्हणून. एकवीस वह्या दोन खोक्यांत भरून स्टोअरमध्ये गेल्या. ताई खाली उतरल्या तेव्हा हातात फक्त डब्याची पिशवी होती. मी जिन्यापर्यंत गेलो. त्या म्हणाल्या, "वर जा, सर बघतील."

चार दिवसांनी त्यांचा फोन आला. "दीपक, मला नोकरी परत नको. भांडायचंही नाही. आधीच्या फाइलचा एक फोटो पाठव, माझ्या चार ओळी दिसतील असा. शुक्रवारी गावात मिटिंग आहे. दादाला दाखवायचाय."

"बघतो ताई," मी म्हणालो.

फोटो काढायला एक मिनिट लागलं असतं. मी काढलाही होता. पाठवला नाही. तो फोटो मिटिंगमध्ये फिरेल, कोणी कंपनीला पाठवेल, मग काढला कोणी, हा प्रश्न येईल, असं सगळं मी पुढचं-पुढचं बघत बसलो. गुरुवारी त्यांचे दोन फोन आले. मी उचलले नाहीत.

शुक्रवारच्या मिटिंगमध्ये काय झालं ते मला नंतर गोरक्षकडूनच कळलं. मंदिरासमोरच्या सभामंडपात गाव बसलं होतं. कंपनीचं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं गेलं. ताई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की मी इशारा लिहिला होता, तो कोणीतरी काढला. कोणी काढला, असं विचारलं तेव्हा त्यांनी माझं नाव घेतलं नाही. पुरावा मागितला, तो नव्हता. मग गोरक्षला विचारलं की तू का वापरलं ते? तो सगळ्यांदेखत म्हणाला, "बहीण म्हणली, म्याच शिकवलंय त्याला. आता म्हणती मी लिव्हलं व्हतं. कागद तर येगळंच सांगतो. खोटं बोलती ती."

त्याला मॅनेजरच्या जागेवरून काढलं ते काढलंच. मे महिन्यात वैष्णवीचं लग्न झालं. आत्याला पत्रिका कुरिअरने आली. घरी येऊन आमंत्रण द्यायचं सोडून भावाने सख्ख्या बहिणीला कुरिअरने पत्रिका पाठवावी, याचा अर्थ ताईंना कळला. त्या गेल्या नाहीत.

इकडे ऑफिसात मी त्या चार ओळी परत घातल्या, अक्षर न् अक्षर. सगळीच जुनी वर्णनं परत घातली. सरांनीच सांगितलं. फाइलवरचं ताईंचं नाव मात्र काढायला लावलं, कर्मचारी आता नाही म्हणून. जूनमध्ये नवीन ग्राहकांसमोर सर ती फाइल मोठ्या पडद्यावर दाखवायचे. तो 'गाडी लागली'चा किस्सा सांगायचे. लोक हसायचे. सर म्हणायचे, "आम्ही एजंटसाठी इतकं बारीक लिहितो, बघा." लेखकाच्या जागी आता टीमचं नाव होतं, म्हणजे माझं.

असं एक भाषण ऐकून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. जुन्या फाइलची नोंद छापून घेतली. त्यात ताईंच्या चार ओळी होत्या, त्यांची तारीख होती, आणि खाली माझ्या नावाने त्या पुसल्याची तारीख आणि वेळ होती. मोटरसायकल काढली आणि चांदोरीवरून सायखेड्याला गेलो.

गोरक्ष घरीच होता. साठीला आलेला, उंच, ताईंसारखाच जाड आवाज. मी कोण ते सांगितलं. कागद त्याच्या हातात दिला. सगळं सांगितलं, पेढ्यापासून फोटोपर्यंत. त्याने कागद दोनदा वाचला, चष्मा लावून. मग चष्मा काढून डोळ्यांवर हात फिरवला.

"म्हणजे ती खरं बोलत व्हती," तो म्हणाला.

"हो."

"आन तुमचं नाव तिला ठावं व्हतं?"

"हो."

"तरी घेतलं नाय तिनं." त्याने अंगणाकडे बघितलं. "लय येडी हाय. ल्हानपणापासून तशीच. दुसऱ्यानं येऊन कबूल करावं, आसं वाटतं तिला."

मग तो माझ्याकडे वळला. "साहेब, आता एक करा. पुढच्या मिटिंगीत या. कमिटीफुडं हेच सांगा, जसं मला सांगितलं तसं. गावानं ऐकू द्या."

मी म्हणालो, "माझी नोकरी जाईल. कागद तुमच्याकडे ठेवा ना. तुम्हीच दाखवा."

"म्या दाखवला तर लोक म्हणतील, भावा-बहिणीनं मिळून बनवला." त्याने कागदाची नीट घडी घातली, होती तशी, आणि माझ्या हातात दिली. "तुमी सांगितलं तर खरा हाय. नायतर त्यो कागदच हाय. चहा टाकलाय, पिऊन जा."

मी चहा प्यायलो. त्या घरात नाही म्हणायचीही माझी छाती झाली नाही.

परतताना मी जेलरोडला ताईंच्या घरी गेलो. त्या आता नाशिकरोडला एका क्लासमध्ये चौकशीच्या खिडकीत बसतात, चार वाजता सुटतात. दार त्यांनीच उघडलं. आत ये म्हणाल्या. पाणी दिलं. मी सांगितलं की मी सायखेड्याला जाऊन आलो, दादांना सगळं खरं सांगितलं, कागद दाखवला. मला वाटलं होतं त्यांना जरा तरी बरं वाटेल.

त्या एकदम खाली बसल्या. "तू त्याला सांगितलंस?"

"हो. त्यांना पटलं."

"आणि गावाला?"

मी खिशातली कागदाची घडी चाचपली.

"अरे, मग कशाला सांगितलंस?" त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "इतके दिवस तो माझ्यावर चिडलेला होता. चिडलेला माणूस कधीतरी शांत होतो. वर्षाने, दोन वर्षांनी आला असता. दादा चिडतो, पण येतो. आता त्याला कळलं की त्याने चारचौघांत मला खोटं पाडलं आणि मी खरी होते. गावापुढे ते मागे घ्यायला त्याच्या हातात काही नाही. आता तो माझ्या दारात येणार कुठल्या तोंडाने? तू तुझं मन हलकं करायला गेलास. जाऊन ते त्याच्या डोक्यावर ठेवून आलास."

मी पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

"मिटिंगमध्ये बोलणार आहेस?" त्यांनी विचारलं.

"बघतो ताई," माझ्या तोंडून गेलं. तेच शब्द. ते मला ऐकू आले, त्यांनाही आले.

त्या उठल्या, माझ्यापुढचा ग्लास उचलला आणि आत गेल्या. नळाचा आवाज येत राहिला. बराच वेळ त्या बाहेर आल्या नाहीत. मी दार ओढून घेतलं आणि निघालो.

राखीला गोरक्ष आला नाही, हे मला ताईंच्या शेजारी राहणाऱ्या आमच्या ऑफिसबॉयकडून कळलं. ताईंनी राखी पोस्टाने पाठवली होती. पोहोचली का नाही, त्याचं उत्तर आलं नाही.

सायखेड्याच्या कोल्ड स्टोरेज कमिटीची मिटिंग ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी, दुपारी तीनला होती. तारीख मला गोरक्षने स्वतः फोन करून कळवली होती. मी त्या दिवशी ऑफिसात होतो, नवीन बारा टूलची वर्णनं लिहीत. प्रत्येकाखाली मी लिहीत होतो, हे काय करतं, काय करत नाही, दोनदा चाललं तर काय होतं. तीन वाजले, साडेतीन वाजले, आणि मग चहा आला.